तोफांची मोजदाद आणि तोफगोळ्यांचा हिशेब

दोन देशांच्या सैन्यबळाची तुलना करायची म्हणजे सैनिक, रणगाडे, विमाने, युद्धनौका आणि अण्वस्त्रे यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडायचे आणि ज्याची बेरीज मोठी तो वरचढ म्हणायचे, अशी पद्धत रूढ झाली आहे. भारत-पाकिस्तान तणाव वाढला की वर्तमानपत्रांत आणि वृत्तवाहिन्यांवर हा तक्ता हमखास झळकतो; स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही त्याला जागा मिळते. भारताचे खडे सैन्य सुमारे साडेचौदा लाख, पाकिस्तानचे साडेसहा लाखांच्या आसपास, चीनचे वीस लाख. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ चा संरक्षणखर्च भारताचा ८६ अब्ज डॉलर, पाकिस्तानचा १० अब्ज, चीनचा ३१४ अब्ज. त्याच संस्थेने २०२५ मध्ये दिलेला अण्वस्त्रांचा अंदाज भारतासाठी १८०, पाकिस्तानसाठी १७० आणि चीनसाठी ६०० असा आहे. 'ग्लोबल फायरपॉवर' ही क्रमवारी गेली अनेक वर्षे भारताला चौथे स्थान देत आली आहे, आणि तो क्रमांक सांगितला की चर्चा संपली असे मानले जाते.

हे आकडे खोटे नाहीत. त्यांच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष खोटा आहे. तक्ता युद्धाच्या पहिल्या दिवसाची सकाळ मोजतो. दहाव्या दिवशी तोफेत घालायला गोळा असेल का, सैन्य नेमके ज्या खिंडीत हवे तिथे पोहोचेल का, आणि लढायला सांगितलेले लोक खरोखर लढतील का, हे तीन प्रश्न तो विचारतच नाही. हार-जीत मात्र बहुतेक वेळा याच तीन प्रश्नांवर ठरलेली आहे. याचा पुरावा शोधायला फार दूर जावे लागत नाही. चांद्याचा (आजच्या चंद्रपूरचा) तट, भद्रावतीची आयुध निर्माणी आणि गडचिरोलीचे जंगल यांतून तो पुरेसा मिळतो.

इतिहासापासून सुरुवात करता येईल. १८१७ च्या नोव्हेंबरात कोणी असा तक्ता मांडला असता, तर नागपूरकर भोसल्यांचा विजय आधीच जाहीर झाला असता. आप्पासाहेबांच्या पदरी सुमारे अठरा हजारांची फौज होती. तीत मोठे घोडदळ, कडवे अरब पायदळ आणि तीसहून अधिक तोफा. समोर सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर इंग्रजांचे जेमतेम चौदाशे लोक. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या, रात्रभर लढाई चालली, सकाळी अरबांनी धाकटी टेकडी जिंकलीही. तरी दुपारपर्यंत भोसल्यांची फौज हटली होती. इंग्रजांचे साडेतीनशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले होते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. पण त्यांच्या घोडदळाच्या लहानशा तुकडीने मैदानात उतरून तोफा हिसकावल्या, अरबांच्या जवळ दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि त्या गोंधळात टेकडी परत गेली. अठरा हजारांपैकी जीव तोडून लढले ते मुख्यतः अरब. बाकीच्या फौजेचा मोठा भाग लढाईत पुरता ओढलाच गेला नाही. पराभवानंतर आप्पासाहेबांनी हा हल्ला आपल्या हुकमाशिवाय झाल्याचे इंग्रज रेसिडेंटला कळवले. ज्या लढाईची जबाबदारी घ्यायला राजा तयार नव्हता, तीत त्याचे अठरा हजार हा आकडा कागदावरचाच होता.

पुढच्याच वर्षी चांद्याला याच धड्याचा दुसरा भाग घडला. इरई आणि झरपट या नद्यांच्या बेचक्यात गोंड राजांनी बांधलेला चांद्याचा परकोट हे मध्य भारतातल्या मोठ्या तटबंद्यांपैकी एक काम. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, त्यांच्यामधल्या खिडक्या, बुरूज आणि कित्येक मैल पसरलेली दगडी भिंत आजही शहराला वेढून आहे. तक्त्यात 'अभेद्य तटबंदी' असा रकाना असता, तर चांदा पहिल्या ओळीत बसला असता. एप्रिल १८१८ मध्ये पेशवा दुसरा बाजीराव याच किल्ल्याच्या रोखाने येत होता. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ कर्नल अ‍ॅडम्सने त्याला गाठून उधळून लावले. मग अ‍ॅडम्स चांद्यावर वळला. तोफांनी तटाला एके ठिकाणी खिंडार पाडले, २० मे रोजी इंग्रजी फौज आत घुसली आणि किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. काही हजारांची शिबंदी इतक्या लांब तटावर सगळीकडे सारख्या ताकदीने उभी राहू शकत नव्हती. हल्लेखोराला मात्र एकच जागा पुरेशी होती. आपली एकूण ताकद किती, याला अशा वेळी काही अर्थ उरत नाही. मारा होतो त्या दहा-वीस हातांच्या जागेवर किती माणसे आणि किती तोफा आहेत, एवढेच मोजले जाते. त्याआधी १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी चांद्याचे गोंड राज्य गिळले, तेव्हाही भिंती तशाच उभ्या होत्या. नीलकंठशाहाच्या कारभाराला दरबार आणि रयत दोन्ही विटले होते. राज्य आतून सुटलेले होते.

इथे उलट्या बाजूच्या एका मताचाही समाचार घेणे भाग आहे. आकड्यांवरचा विश्वास उडाला की पुष्कळांना एकदम शौर्याचा आधार वाटू लागतो: युद्ध जिगरीवर जिंकले जाते, शस्त्रांचे काय. हे मत तक्त्याच्या मतापेक्षाही घातक आहे, कारण त्याची किंमत सामान्य शिपाई जिवाने मोजतो. याच मुलखातल्या बाबुराव शेडमाके यांच्याइतके धाडस १८५८ मध्ये क्वचितच कोणी दाखवले असेल. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराने गोंड-माडिया तरुणांची फौज उभारली, राजगडचा मुलूख घेतला आणि मार्च १८५८ मध्ये नांदगाव-घोसरीला इंग्रजी फौजेला मागे रेटले. पण फौज बांधता येते तशी बारुदाची कोठारे आणि बंदुकांचे कारखाने काही महिन्यांत बांधता येत नाहीत. त्यात अहेरीच्या जमीनदारीची मदत इंग्रजांना मिळाली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी देण्यात आली. त्यांच्या शौर्याचा आदर करायचा, तर पुढच्या लढवय्याच्या हातात रिकामी बंदूक राहणार नाही याची व्यवस्था पाहावी लागते. शौर्य पुरेसे असते असे म्हणणाऱ्यांनी बाबुरावांच्या नावाचा आधार घेऊ नये.

स्वतंत्र भारताच्या युद्धांनीही हेच दाखवले. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात नामका चू खोऱ्यात सातव्या ब्रिगेडचे जवान सुती कपड्यांत, माणशी पन्नासेक काडतुसांनिशी उभे होते. विमानातून टाकलेला पुरवठा बऱ्याचदा दऱ्यांत जाऊन पडत होता. भारताचे एकूण सैन्य किती लाख होते, याचा त्या ब्रिगेडला काडीचाही उपयोग झाला नाही. १९६५ ची गोष्ट आणखी बोलकी आहे. युद्धाच्या अखेरीस, आणखी थोडे लढल्यास मोठे यश मिळेल का, असे पंतप्रधान शास्त्रींनी विचारले तेव्हा दारूगोळा बराच संपल्याचे सेनाप्रमुखांनी सांगितले आणि शस्त्रसंधी स्वीकारली गेली. नंतर हिशेब झाला तेव्हा आघाडीच्या दारूगोळ्यापैकी सुमारे १४ टक्केच वापरला गेल्याचे आढळले. पाकिस्तानचा साठा त्या मानाने कितीतरी आटला होता. युद्धाचा शेवट ठरला तो गोळ्यांच्या हिशेबावर, आणि तो हिशेब चुकला होता. रणगाडे आणि विमाने यांचा कोणताही तक्ता ही चूक दाखवू शकला नसता.

१९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर भारतीय तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक तोफगोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. बोफोर्सच्या १५५ मिलिमीटर तोफांनी युद्धाचा रंग बदलला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या तोफांचे गोळे घाईघाईने परदेशातून आणावे लागले, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. पुढे २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी साठ्याची स्थिती दिली. घनघोर युद्धाचे चाळीस दिवस भागेल इतका साठा अपेक्षित; वीस दिवसांचा साठा ही किमान मर्यादा. सप्टेंबर २०१६ मध्ये तपासलेल्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी चाळीस दिवसांच्या पातळीला फक्त ३१ प्रकार पोहोचत होते आणि ६१ प्रकार दहा दिवसही पुरणार नव्हते. त्याच वर्षी 'ग्लोबल फायरपॉवर' भारताला चौथा क्रमांक देत होती. दोन्ही गोष्टी एकाच देशाबद्दल, एकाच वेळी खऱ्या होत्या. त्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार लष्कराला मिळाले आणि परिस्थिती सुधारली. क्रमवारीत ना ती तूट कधी दिसली, ना सुधारणा.

हा दारूगोळा जिथे घडतो ते ठिकाण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. भद्रावतीजवळची चांदा आयुध निर्माणी ही भरणीचा कारखाना आहे. नागपूरच्या अंबाझरीसारख्या निर्माणीत पोलादी कवच तयार होते. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरात प्रणोदके आणि स्फोटके बनतात. भद्रावतीत मोठ्या आणि मध्यम व्यासाच्या गोळ्यांत स्फोटक भरले जाते. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या मध्यवर्ती भांडारात साठा राहतो. विदर्भाचे हे चार जिल्हे मिळून भारतीय तोफखान्याची रसद उभी करतात, आणि बाजारगावच्या खासगी कारखान्यामुळे त्यात आता आणखी भर पडली आहे.

भरणीचे काम जवळून पाहिले की तक्त्यातल्या 'तोफा' या रकान्याचा फोलपणा कळतो. १५५ मिलिमीटरचा एक गोळा सुमारे त्रेचाळीस किलोचा असतो, आत सात ते अकरा किलो स्फोटक. टीएनटी ऐंशी अंश सेल्सिअसच्या जरा वर वितळते, म्हणून ते उघड्या आगीऐवजी वाफेच्या उष्णतेने वितळवतात आणि आधीच गरम केलेल्या कवचात ओततात. मग ते हळूहळू थंड होऊ द्यावे लागते. घाई केली तर आत पोकळी राहते किंवा चीर पडते, आणि अशी पोकळी राहिलेला गोळा तोफेच्या नळीतच फुटून तोफेवरच्या जवानांचा जीव घेऊ शकतो. म्हणून क्ष-किरणांनी तपासणी होते. कामगार सुती कपड्यांत, ठिणगी उडणार नाही अशा पादत्राणांत काम करतात. काडेपेटी, मोबाइल, धातूची वस्तू बाहेर ठेवूनच आत जायचे. एका इमारतीत स्फोट झाला तर दुसरी पेटू नये म्हणून इमारती लांब-लांब आणि मातीच्या बांधांआड असतात. त्यासाठी जागा एवढी मोठी लागते की ताडोबाच्या शेजारच्या या परिसरात झुडपी जंगल वाढून वाघ-बिबट्यांचाही वावर सुरू झाला. असा कारखाना युद्ध सुरू झाल्यावर उभारता येत नाही. चालू कारखान्याचा वेगही हुकूम सुटताच दुप्पट होत नाही, कारण थंड होण्याचा वेळ हुकमाने कमी होत नाही आणि हाताला सवय लागलेला कामगार महिन्याभरात तयार होत नाही.

तोफखान्याच्या लढाईत रोज खर्च होणारे गोळे आणि रोज तयार होणारे गोळे यांचे प्रमाण काय, हा प्रश्न युक्रेनच्या युद्धाने साऱ्या जगापुढे आणून ठेवला. 'ग्लोबल फायरपॉवर'च्या २०२२ च्या क्रमवारीत रशिया दुसरा आणि युक्रेन बाविसावा होता. कीव काही दिवसांत पडेल असे अंदाज त्या तक्त्याच्याच जोरावर बांधले गेले. कीव पडले नाही. पुढे युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचे कबूल केले. संघाची एकत्रित अर्थव्यवस्था रशियाच्या कित्येक पट मोठी, तरी मुदत संपली तेव्हा त्यातले निम्म्याच्या आसपास पोहोचले होते. रशियाने स्वतःचे जुने कारखाने रात्रंदिवस चालवले आणि उत्तर कोरियाकडून गोळे आणले. पैसा होता, तंत्रज्ञान होते. भरणीचे कारखाने मात्र शांततेच्या काळात मिटून टाकलेले होते. संरक्षणखर्चाचा रकाना ताकद दाखवतो असे मानणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

तक्त्याच्या बाजूने तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, अण्वस्त्रे आल्यावर तोफगोळ्यांचा हिशेब गौण झाला. पण भारत आणि पाकिस्तान दोघांनीही मे १९९८ मध्ये अणुचाचण्या केल्या आणि वर्षाच्या आत कारगिलचे युद्ध पेटले. मे २०२५ मधल्या 'ऑपरेशन सिंदूर'च्या चार दिवसांतही क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि नियंत्रण रेषेवरचा तोफांचा मारा हेच चालले. अण्वस्त्रांनी युद्धाला छत घातले. छताखालची लढाई थांबली नाही. आणि १८० विरुद्ध १७० ही तुलना मुळातच निरर्थक आहे. शत्रूची काही मोठी शहरे उद्ध्वस्त करण्याची खात्री असली की धाक पुरा होतो. दहा अस्त्रे जास्त असल्याने तो दहाने वाढत नाही.

दुसरा आक्षेप: आता युद्धे चार-आठ दिवसांचीच होणार, मग चाळीस दिवसांचा साठा कशाला? पण युद्ध किती दिवस चालेल हे एकटा पक्ष ठरवत नाही. ज्याच्याकडे गोळे कमी, त्याला लवकर थांबावे लागते. ज्याच्याकडे जास्त, तो कधी थांबायचे ते ठरवतो. लढाई आखूड ठेवायची असली तरी लांबवण्याची ताकद जवळ असावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम आहे: मोठी संख्या शेवटी बाजी मारते. दीर्घ युद्धात यात तथ्य आहेच. नागपूरकर भोसले सीताबर्डीनंतर तीनच आठवड्यांत पुरते हरले, कारण तोवर इंग्रजांची कुमक येऊन पोहोचली होती. पण त्यातला कळीचा शब्द 'पोहोचली' हा आहे. चीनचे वीस लाख सैनिक ३,४८८ किलोमीटरच्या ताबारेषेवर एकाच वेळी उभे राहू शकत नाहीत, भारताचेही नाहीत. २०२० मध्ये पूर्व लडाखला दोन्ही बाजूंनी पन्नासेक हजारांची फौज आणली, तेव्हा कस लागला तो रस्त्यांचा, बोगद्यांचा आणि हिवाळ्याच्या निवाऱ्यांचा. दार्बुक-श्योक-दौलत बेग ओल्डी रस्ता २०१९ मध्ये पुरा झालेला नसता, तर रणगाड्यांची संख्या दिल्लीतल्या कागदावरच राहिली असती.

जागेचा आणि माणसाचा हा प्रश्न गडचिरोलीने तीन दशकांहून अधिक काळ सोसला आहे. ते दोन देशांचे युद्ध नव्हे. पण मनुष्यबळाची तुलना किती फसवी असते याचा इतका लांब चाललेला दाखला महाराष्ट्रात दुसरा नाही. माओवाद्यांपेक्षा राज्याचे पोलीस आणि केंद्रीय दले कायमच कितीतरी पटींनी अधिक होती. तरी ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले आणि १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक. चित्र पालटायला लागले ते वेगळ्याच कारणांनी. १९९० मध्ये स्थापन झालेल्या सी-६० दलात स्थानिक तरुण घेतले गेले. त्यांना माडिया-गोंडी येत होती, नाले-पाऊलवाटा पायाखालच्या होत्या, गावातला नातेवाईक कोण हे ठाऊक होते. पावसाळ्यात जगापासून तुटणाऱ्या भामरागड-एटापल्लीच्या भागात पूल, रस्ते, मोबाइलचे मनोरे आणि पोलीस मदत केंद्रे आली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी पक्षाचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. साठ जवानांच्या पहिल्या तुकडीने सुरू झालेल्या दलाने जे साधले, ते त्याआधीच्या मोठ्या संख्येला साधले नव्हते. आदिवासी गावांनी दोन्ही बाजूंच्या बंदुकांमध्ये जे भोगले त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो अजून पुरता मांडला गेलेला नाही.

म्हणून दोन देशांची प्रामाणिक तुलना करायची तर रकाने बदलावे लागतात: प्रमुख दारूगोळ्याच्या प्रत्येक प्रकारात किती दिवसांचा साठा, युद्धकाळात महिन्याला किती उत्पादन वाढवता येते, स्फोटक, फ्यूज आणि पोलाद यांतले किती घरचे, किती परके, ताबारेषेच्या प्रत्येक विभागात आठवड्याभरात किती फौज पोहोचते, आणि कारखान्यात किती कुशल हात आहेत. यांतले काही गोपनीय असणारच. पण जे गोपनीय नाही तेही तक्त्यांत येत नाही. पोलादाला लागणारे फेरोमँगनीज चंद्रपूरच्या सेलच्या फेरो अलॉय कारखान्यात तयार होते, कोळसा याच जिल्ह्यात निघतो, लोहखनिज सुरजागडच्या डोंगरात आहे, आणि बल्लारशाह दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर आहे. देशाच्या लष्करी ताकदीचा हा पाया कोणत्याही क्रमवारीत दिसत नाही.

सगळ्यांत दुर्लक्षित रकाना कामगारांचा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. चांदा निर्माणी पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली. कामगार संघटनांनी याला विरोध केला आणि जुने कर्मचारी मानीव प्रतिनियुक्तीवर ठेवले गेले. ती मुदत वाढवत नेली गेली; नोकरीचे भवितव्य टांगणीला राहिले. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या भांडारात लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाचे लोक गेले. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगावच्या कारखान्यात नऊ जण गेले. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार मृत्युमुखी पडले. अशा प्रत्येक अपघातानंतर तो विभाग बंद राहतो, चौकशी चालते आणि वर्षानुवर्षे स्फोटक हाताळून तयार झालेली माणसे कायमची कमी होतात. त्यांच्या जागी कायम कामगार भरायचे की कंत्राटी, आणि नव्याला शिकवायला जुना किती वर्षे कामावर ठेवायचा, या निर्णयावर पुढच्या युद्धातला गोळ्यांचा पुरवठा अवलंबून आहे. तो निर्णय आजच व्हायला हवा.